कानाझावातील पारंपरिक जपानी कलांची मार्गदर्शित शहरफेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला जाणाऱ्या मराठी प्रवाशांकडून पारंपरिक कलांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती सर्व कानाझावा या एकाच शहराला धरून आहेत, कारण चहाविधी, बाग, वर्ख, रंगकाम, मातीकाम आणि नोह हे मुखवटे घालून सादर होणारे जुने नाट्य या कला येथे एकमेकींच्या आधाराने वाढल्या आणि आजही चालण्याच्या अंतरात पाहायला मिळतात.

कला पाहायच्या असतील तर क्योतो सोडून कानाझावाला का जावे?

क्योतो सोडू नये. मात्र तेथे मंदिरे पाहण्यातच दिवस संपतो आणि कारागिराच्या समोर बसण्याची वेळ येत नाही, असा अनेकांचा अनुभव आहे. कानाझावात ती वेळ मिळते.

यामागे इतिहास आहे. १५८३ मध्ये माएदा तोशिइए हा सरदार कानाझावाच्या किल्ल्यात आला आणि त्याच्या घराण्याने पुढे जवळजवळ तीन शतके या प्रांतावर राज्य केले. जपानमध्ये त्या काळी सरदाराची ऐपत भाताच्या उत्पन्नावरून, म्हणजे ‘कोकु’ या मापाने ठरत असे. एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका, सुमारे दीडशे किलो तांदूळ. माएदांचे उत्पन्न दहा लाख कोकुंहून अधिक होते. तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे तेव्हा देशावर सत्ता असलेल्या लष्करी राज्यकर्त्यांच्या खालोखाल एवढा श्रीमंत सरदार दुसरा नव्हता, आणि म्हणूनच शोगुनांची त्याच्यावर सतत नजर असे. शस्त्रांवर पैसा खर्च केला असता तर बंडाचा संशय आला असता. माएदांनी तो पैसा विद्येवर आणि कलांवर खर्च केला. किल्ल्यात चिलखतांच्या दुरुस्तीसाठी असलेला कारखाना तिसऱ्या आणि पाचव्या सरदाराच्या काळात लाखकाम, धातुकाम आणि इतर कलाकुसरीचा कारखाना झाला. विशेष म्हणजे तेथील कारागिरांना जोडकला म्हणून नोह नाट्यही शिकावे लागे.

दुसऱ्या महायुद्धात कानाझावावर बॉम्बहल्ले झाले नाहीत, त्यामुळे जुन्या वस्त्या टिकल्या. २००९ मध्ये युनेस्कोने हस्तकला आणि लोककला या गटात या शहराची सर्जनशील शहर म्हणून निवड केली.

एका दिवसाच्या फेरीत किती गोष्टी पाहता येतील?

पाहता दहा येतील, पण पाहाव्यात तीन, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी केनरोकु-एन बाग आणि तेथेच चहा, दुपारी हाताने काही करून पाहण्याची एक कार्यशाळा, आणि संध्याकाळी हिगाशी चाया ही नृत्य-गायनाच्या बैठकी होणाऱ्या जुन्या चहाघरांची वस्ती. एवढ्यात दिवस भरतो. सहल कंपन्यांच्या पत्रकांत याच दिवसात किल्ला, सामुराईंची वस्ती, बाजार आणि दोन संग्रहालयेही बसवलेली असतात. त्यात चहाविधीला वीस मिनिटे मिळतात आणि त्या वीस मिनिटांत चहा पिऊन होतो, विधी मात्र पाहून होत नाही. या कलांचा गाभा संथपणात आहे, त्यामुळे फेरी निवडताना ठिकाणांची संख्या न मोजता प्रत्येक ठिकाणी किती वेळ दिला आहे ते पाहावे.

दोन दिवस असतील तर दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय, नागामाचीतील सामुराईंची घरे आणि नोह संग्रहालय सावकाश होते. हस्तकला संग्रहालय पूर्वी तोक्योत होते. ऑक्टोबर २०२० मध्ये ते कानाझावात आले आणि मेजी काळातील (१८६८ ते १९१२) दोन जुन्या लष्करी इमारतींमध्ये सुरू झाले.

मार्गदर्शक खरोखर लागतो का? नकाशा आणि भाषांतराचे अ‍ॅप पुरेसे नाही का?

रस्ता सापडण्यासाठी मार्गदर्शक लागत नाही, कारण शहर लहान आहे, फेरी बस सोपी आहे आणि पाट्यांवर इंग्रजी असते. मार्गदर्शक लागतो तो कारागिराशी बोलण्यासाठी. वर्ख ठोकणारा किंवा रेशमावर रेघ ओढणारा माणूस स्वतःहून फारसे सांगत नाही. त्याला काय विचारावे, केव्हा विचारावे आणि केव्हा गप्प राहून हात पाहावेत, हे जाणकार मार्गदर्शकाला कळते. अ‍ॅप शब्दांचा अर्थ देते, पण समोरच्या माणसाने नुसती मान हलवली तर तिचा अर्थ देत नाही.

जपानमध्ये मार्गदर्शक-दुभाष्यांसाठी राष्ट्रीय परीक्षा आणि परवाना आहे. जानेवारी २०१८ पासून परवान्याशिवायही पैसे घेऊन मार्गदर्शन करण्यास कायद्याने मुभा मिळाली, म्हणून नोंदणी करताना परवाना आहे का आणि कोणत्या कलेची विशेष माहिती आहे, या दोन्ही गोष्टी विचाराव्यात. फेऱ्या सहसा इंग्रजीत असतात. घरातील ज्येष्ठांना इंग्रजी अवघड वाटत असेल, तर मराठीत समजावून सांगायला थोडा थोडा वेळ मिळावा अशी विनंती मार्गदर्शकाला आधीच करून ठेवावी.

केनरोकु-एन बागेत नेमके काय पाहायचे? फुले नसतील तर जाण्यात अर्थ आहे का?

फुलांसाठी ही बाग पाहायची नसते. पाणी, दगड, शेवाळ आणि पाइन वृक्ष यांची मांडणी पाहायची असते, आणि ती बाराही महिने आहे.

सुमारे साडेअकरा हेक्टरांची ही बाग मितोची काइराकु-एन आणि ओकायामाची कोराकु-एन यांच्यासह जपानमधील तीन सर्वोत्तम बागांमध्ये गणली जाते. पुण्यात सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान याच कोराकु-एनच्या धर्तीवर पुणे आणि ओकायामा यांच्या मैत्रीचे प्रतीक म्हणून उभारलेले आहे, त्यामुळे पुणेकरांना वळणावळणाने पुढे उलगडत जाणारी रचना आणि पुलावरून दिसणारे पाणी ओळखीचे वाटेल. केनरोकु-एनला जाण्यापूर्वी पुण्याच्या उद्यानात एकदा सकाळी शांतपणे चालून यावे. डोळ्यांना आधीच सवय होते.

बागेतील पाणी १६३२ मध्ये बांधलेल्या तात्सुमी कालव्यातून येते. तो कालवा दूरवरच्या नदीचे पाणी किल्ल्यापर्यंत आणण्यासाठी खोदला गेला होता. मोठे तळे उंचावर आहे आणि खालच्या बाजूचे कारंजे केवळ त्या पातळीच्या फरकावर उडते, त्याला कोणतेही यंत्र नाही. तळ्याकाठी दोन पायांचा दगडी दिवा आहे, ज्याचा एक पाय पाण्यात आणि दुसरा काठावरच्या दगडावर टेकलेला आहे. त्याच्यासमोर छायाचित्रासाठी रांग लागते. रांगेत वेळ घालवण्यापेक्षा जवळच्या कारासाकी पाइनखाली उभे राहावे. बिवा सरोवराकाठच्या प्रसिद्ध पाइनचे बी आणून तेराव्या सरदाराने हे झाड वाढवले. त्याच्या आडव्या पसरलेल्या फांद्या लाकडी टेकूंवर तोललेल्या आहेत.

दरवर्षी १ नोव्हेंबरला याच झाडापासून दोरखंड बांधण्याचे काम सुरू होते. या भागातील बर्फ ओला आणि जड असतो, फांद्या मोडतात, म्हणून उंच खांबाच्या टोकापासून प्रत्येक फांदीपर्यंत दोर ताणला जातो. माळी झाडावर चढून हे काम करतात. ते पाहायला मिळाले तर बाकीचा कार्यक्रम बाजूला ठेवावा. ओझे पेलण्यासाठी बांधलेली ही रचना इतकी सुबक असते की बर्फ पडण्याआधीही लोक मुद्दाम ती पाहायला येतात.

मार्च ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बाग सकाळी सातला आणि उरलेल्या काळात आठला उघडते. गट येण्याच्या आधी, उघडताच आत जावे.

चहाविधीत पाहुण्याने काय करायचे असते? चूक झाली तर यजमानांना वाईट वाटते का?

पाहुणा परदेशी आहे हे यजमानांना ठाऊक असते आणि चूक झाली तर ते ती सहज सांभाळून घेतात. तरीही चार गोष्टी माहीत असतील तर मन मोकळे राहते आणि लक्ष विधीकडे जाते.

बूट बाहेर काढायचे असल्यामुळे स्वच्छ मोजे हवेत. हातातील घड्याळ, अंगठ्या आणि बांगड्या आधीच काढून पिशवीत ठेवाव्यात. बांगड्या काढणे ज्यांना रुचत नाही त्यांनी त्या कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधला तरी चालते. हेतू एवढाच की पेल्यावर ओरखडा येऊ नये, कारण तो पेला दोनशे वर्षांचाही असू शकतो. अत्तर लावून जाऊ नये, त्या खोलीत चहाचा आणि धुपाचा मंद वास जपलेला असतो.

गोड पदार्थ आधी येतो आणि तो चहा येण्यापूर्वी पूर्ण खायचा असतो. आपल्याकडे चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकण्याची सवय असल्यामुळे येथे हमखास गडबड होते. माच्चाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीपासून केलेल्या चहाचा कडसरपणा त्या गोडावर सुखद वाटावा, असा त्यामागे विचार आहे. पेला आला की उजव्या हाताने उचलून डाव्या तळव्यावर ठेवावा, शेजारच्या पाहुण्याला ‘तुमच्याआधी घेतो’ अशा अर्थाने किंचित वाकावे, आणि पेला घड्याळाच्या दिशेने थोडा फिरवावा, म्हणजे त्याची दर्शनी बाजू ओठांना लागत नाही. शेवटचा घोट थोडा आवाज करून घेतला तर संपल्याची खूण मिळते. त्यानंतर ओठ लागलेली कड बोटांनी पुसावी, पेला उलट फिरवून खाली ठेवावा आणि दोन्ही कोपरे गुडघ्यांजवळ ठेवून तो जमिनीलगत न्याहाळावा. उंच उचलून पाहू नये.

हे न्याहाळणे उपचार म्हणून उरकू नये. कानाझावातील चहाविधीत बहुधा ओहि घराण्याच्या शैलीतील पेला असतो. सेन नो रिक्यू या चहाविधीच्या महान गुरूचा पणतू सेन्सो सोशित्सु माएदांच्या सेवेत होता. १६६६ मध्ये त्याच्याबरोबर क्योतोहून चोझाएमोन नावाचा कुंभार आला आणि ओहि गावच्या मातीत त्याने भांडी घडवायला सुरुवात केली. हे पेले चाकावर न फिरवता हातांनी घडवतात आणि त्यांवर मधाच्या रंगाची झिलई असते. पेला हातात घेतल्यावर घडवणाऱ्याच्या बोटांचे दाब आपल्या बोटांना जाणवतात. भिंतीवरचा लेख, फुलदाणीतले एकच फूल, बिडाची किटली, लाखेचा डबा, खिडकीबाहेरचे शेवाळ, या सर्वांमागे वेगवेगळे कारागीर असतात आणि यजमानांनी त्या दिवसासाठी ते सारे निवडून एकत्र आणलेले असते. म्हणूनच शहरफेरीत चहाविधी सुरुवातीला ठेवावा, असा माझा आग्रह आहे. पुढे दिवसभर ज्या कला सुट्या सुट्या दिसतात, त्या कशासाठी जन्मल्या हे येथे आधीच कळते.

गुडघ्यांच्या दुखण्यामुळे खाली बसता येत नाही. मग चहाविधी होणार नाही का?

अवश्य होईल. १८७२ मध्ये उरासेंके या चहाविधीच्या परंपरेच्या अकराव्या गुरूंनी परदेशी पाहुण्यांसाठी टेबल-खुर्चीवरचा विधी तयार केला, त्यामुळे खुर्चीवर बसणे ही आयत्या वेळची तडजोड नसून मान्य पद्धत आहे. नोंदणी करतानाच तसे कळवावे. केनरोकु-एनमधील शिगुरे-तेइ आणि किल्ल्याच्या उद्यानातील ग्योकुसेन-आन या दोन्ही ठिकाणी बागेकडे पाहत चहा घेता येतो.

सोन्याच्या वर्खाची कार्यशाळा केवळ पर्यटकांसाठीची करमणूक आहे का?

ज्या कार्यशाळेत चिकटपट्टी लावलेली डबी हातात देतात, वर्ख लावून घेतात आणि निरोप देतात, ती तशीच आहे. पण जिथे आधी वर्ख ठोकणाऱ्याचे काम दाखवतात, तिथे तासभर कसा गेला ते कळत नाही.

जपानमध्ये तयार होणारा जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख कानाझावात बनतो. साधारण वापराच्या वर्खात सोने सुमारे ९४ टक्के, चांदी सुमारे ५ टक्के आणि उरलेले तांबे असते. हा मिश्रधातू आधी लाटून पट्टी करतात, मग कागदांच्या थप्पीत घालून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका पातळ करतात. हे एका कारागिराचे काम. तेथून दुसरा कारागीर तो दहा हजाराव्या भागापर्यंत नेतो. नाण्याएवढ्या सोन्यातून एका तातामी चटईएवढा वर्ख निघतो. तयार वर्ख १०.९ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनात कापला जातो. तो बोटांनी उचलता येत नाही, बांबूच्या चिमट्याने उचलतात आणि हलकी फुंकर मारून सपाट करतात. त्यामुळे कार्यशाळेत पंखा नसतो आणि शिकवणारी व्यक्ती श्वासही जपून सोडते.

खरे कसब सोन्याइतकेच कागदात आहे, आणि मार्गदर्शकाला यावर मुद्दाम बोलते करावे. पारंपरिक पद्धतीत दोन वर्खांमधला हातकागद राखेचे पाणी, कच्च्या पर्सिमन फळाचा तुरट रस आणि अंडे यांच्या मिश्रणात पुन्हा पुन्हा भिजवून, ठोकून तयार करतात, आणि त्याला काही महिने लागतात. कागद गुळगुळीत आणि चिवट झाला नाही तर सोने पसरत नाही, फाटते. ही पद्धत २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जपानी लाकडी वास्तूंच्या जतनकौशल्यांचा भाग म्हणून नोंदली गेली. आज बराचसा वर्ख विशेष प्रक्रिया केलेल्या यंत्रनिर्मित कागदात, सोप्या पद्धतीने बनतो, आणि जुना कागद सांभाळणारे हात कमी होत आहेत. दुकानात दोन्ही पद्धतींचे वर्ख शेजारी शेजारी ठेवून पाहायला मागावेत. पारंपरिक वर्खाची चमक अधिक मऊ आणि खोल दिसते.

आम्ही शाकाहारी आहोत, घरातील काही जण जैन आहेत. फेरीतील गोड पदार्थ आणि वर्ख चालतील का?

चहाबरोबरचे पारंपरिक गोड पदार्थ बहुतेक वेळा शाकाहारी असतात. त्यांत अझुकी (बारीक लाल घेवडा) किंवा पांढऱ्या घेवड्याचे गोड पुरण, तांदळाचे पीठ आणि साखर असते, आणि घट्टपणासाठी जिलेटिनऐवजी समुद्री शेवाळापासूनचे अगर वापरतात. साखर आणि तांदळाचे पीठ लाकडी साच्यात दाबून केलेले राकुगान सर्वांत निर्धोक. क्योतो आणि मात्सुए यांच्याबरोबर कानाझावाचे नाव या मिठायांसाठी घेतले जाते. १६२५ मध्ये स्थापन झालेल्या मोरिहाचि या दुकानाचे राकुगान प्रसिद्ध आहे, आणि तेथे जुन्या लाकडी साच्यांचे दालनही आहे.

दोन सूचना मात्र आहेत. फुलांच्या आकाराच्या मऊ मिठाईत काही वेळा कोनफळाच्या जातीचा कंद मिसळतात, त्यामुळे कंदमूळ न खाणाऱ्यांनी आधी विचारावे. कासुतेरा (स्पंज केक) आणि दोरायाकी (गोड पुरण भरलेले पॅनकेक) यांत अंडे असते.

वर्खाबाबतचा प्रश्न योग्य आहे, कारण आपल्याकडे वर्ख जनावराच्या कातड्यात ठोकण्याची जुनी रीत होती. कानाझावात तो कागदात ठोकतात. तथापि वर सांगितल्याप्रमाणे पारंपरिक कागद तयार करताना अंडे वापरले जाते, हे लक्षात घेऊन सोन्याचा वर्ख लावलेले आइस्क्रीम खायचे की नाही ते ज्याने त्याने ठरवावे.

जेवणाची अडचण याहून मोठी आहे. भाज्यांच्या पदार्थांतही वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो, आणि नुसते ‘आम्ही मांस खात नाही’ म्हटल्याने तो टळत नाही. मासा आणि माशाचा अर्कही नको, असे मार्गदर्शकाकडून जपानीत लिहून घेऊन तो कागद जवळ ठेवावा.

भाड्याने किमोनो घालून फिरणे जपानी लोकांना खटकते का?

नाही. नीट नेसलेला किमोनो पाहून वयस्कर स्थानिक बायका आवर्जून कौतुक करतात. डावी बाजू उजवीवर यायला हवी. याच्या उलट फक्त मृत व्यक्तीला नेसवतात, म्हणून एवढे कटाक्षाने पाळावे.

मात्र भाड्याचा किमोनो बहुतेकदा छापील कृत्रिम कापडाचा असतो, आणि तो घालून कागा युझेन पाहिले असे समजू नये. कागा युझेन हे रेशमावरचे हातरंगकाम आहे. १७१२ च्या सुमारास मियाझाकी युझेन हा पंख्यांवर चित्रे काढणारा कलाकार क्योतोहून येथे आला आणि त्याने स्थानिक रंगकामाला नवे वळण दिले, असे मानले जाते. आधी एका निळ्या फुलाच्या रसाने चित्र काढतात, जो पुढे पाण्याने निघून जातो. मग तांदळाच्या खळीची केसासारखी बारीक रेघ त्या चित्रावर ओढतात, म्हणजे रंग एकमेकांत उतरत नाहीत. नंतर रंग भरणे, चित्र खळीने झाकून पार्श्वभूमी रंगवणे, वाफवणे आणि धुणे. हे धुणे पूर्वी आसानो नदीच्या वाहत्या पाण्यात चाले.

नीळ, किरमिजी, गेरूसारखा पिवळा, गवती हिरवा आणि जुन्या वळणाचा जांभळा हे कागाचे पाच रंग. क्योतोच्या युझेनमध्ये सोनेरी काम आणि भरतकाम असते, कागात ते जवळजवळ नसते. रंगाची छटा बाहेरच्या कडेला गडद असते आणि आत फिकी होत जाते. आणि पानावर किडीने खाल्लेले भोक मुद्दाम दाखवतात! निसर्ग जसा आहे तसा रेखाटण्याची ही खूण शोधत पाहिले की एकेका किमोनोसमोर बराच वेळ उभे राहावेसे वाटते. केनरोकु-एनजवळच्या कागा युझेन केंद्रात कारागिरांचे काम पाहता येते आणि रुमालावर रंग भरूनही पाहता येतो.

हिगाशी चाया भागात गेइको (येथील गेइशा) भेटतील का? त्यांचे फोटो घेता येतात का?

रस्त्यात दिसल्या तर त्या कामाला निघालेल्या असतात. त्यांना थांबवू नये, मागे जाऊ नये, किमोनोला हात लावू नये आणि न विचारता फोटो घेऊ नये. क्योतोच्या गिओनमध्ये पर्यटकांनी या साध्या मर्यादा इतक्या ओलांडल्या की २०२४ मध्ये तेथील खासगी गल्ल्या पर्यटकांसाठी बंद कराव्या लागल्या. कानाझावावर ती वेळ येऊ नये, यासाठी आपल्या गटातील प्रत्येकाला हे आधी सांगणे ही गट नेणाऱ्याची जबाबदारी आहे.

गेइको या नृत्य, गायन, शामिसेन हे तीन तारांचे वाद्य आणि तालवाद्ये यांत वर्षानुवर्षे शिक्षण घेतलेल्या कलावंत असतात. त्यांच्याविषयीचे उथळ समज घेऊन तेथे जाऊ नये. कानाझावात हिगाशी, निशी आणि काझुए-माचि अशा चहाघरांच्या तीन वस्त्या आहेत. चहाघरांत ओळखीशिवाय नव्या पाहुण्याला प्रवेश नसतो, ही जुनी रीत आहे. तरीही काही घरे ठरावीक दिवशी सर्वांसाठी कार्यक्रम ठेवतात आणि मार्गदर्शकाकडून त्यांची जागा आधी राखता येते. येथील बैठकीतील तालवाद्यांची जुगलबंदी ऐकण्यासारखी आहे.

कार्यक्रम नसला तरी शिमा हे घर आतून पाहावे. वस्ती वसली त्याच वर्षी, १८२० मध्ये बांधलेले हे घर आज राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती आहे. वरच्या मजल्यावरच्या खोल्या, लाल भिंती आणि रस्त्याकडच्या बारीक लाकडी जाळ्या पाहाव्यात. आतले बाहेर दिसत नाही, पण आतून रस्ता दिसतो. दुपारी येथे गर्दी असते, म्हणून दुकाने बंद होताना, दिवे लागण्याच्या सुमारास यावे.

नोह नाट्य आम्हाला समजेल का? फार संथ असते असे ऐकले आहे.

संथ असते, आणि भाषा इतकी जुनी आहे की जपानी प्रेक्षकही हातात संहिता घेऊन बसतात. कथा आधी वाचून गेल्यास पुरेसे समजते. एकच मुखवटा किंचित वर केला तर उजळतो आणि किंचित खाली झुकवला तर दुःखी दिसतो, एवढे जरी लक्ष देऊन पाहिले तरी तो तास सार्थकी लागतो.

पाचव्या सरदाराने, माएदा त्सुनानोरीने, नोहच्या होशो परंपरेला आश्रय दिला आणि ती राजवाड्यापुरती न राहता गावात उतरली. कानाझावात नोहचे गायन आकाशातून पडते, असे म्हणत असत, कारण झाडावर चढलेले माळी काम करता करता ते गात. पूर्ण प्रयोगाचा योग नसेल तर एकविसाव्या शतकाच्या कला संग्रहालयाजवळ नोह संग्रहालय आहे. तेथे मुखवटा चेहऱ्यावर लावून पाहता येतो, आणि त्याच्या बारीक छिद्रांतून किती थोडे दिसते हे कळल्यावर नटाच्या त्या मोजक्या पावलांचे कारणही उमगते.

मुलांना कंटाळा येईल का?

वर्ख, मिठाई आणि रंगकाम या कार्यशाळांत सहसा येत नाही. नोह आणि लांबचा चहाविधी दहा वर्षांखालील मुलांवर लादू नये. ‘निन्जा मंदिर’ म्हणून प्रसिद्ध असलेले १६४३ चे म्योर्यु-जी मुलांना आवडेल असे वाटते, पण तेथे आधी नोंदणी लागते, माहिती जपानीत सांगतात आणि अगदी लहान मुलांना आत घेत नाहीत. निन्जांशीही त्याचा संबंध नाही, गुप्त जिने आणि फसवे दरवाजे संरक्षणासाठी होते.

कोणता ऋतू चांगला?

एप्रिलच्या सुरुवातीला चेरी फुलते, नोव्हेंबरात पाने लाल होतात, आणि या दोन्ही वेळी गर्दी असते. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस माएदा तोशिइएच्या आगमनाच्या स्मरणार्थ मोठी मिरवणूक निघते. कलांसाठी जायचे असेल तर मी जानेवारी-फेब्रुवारी सुचवतो. कार्यशाळा रिकाम्या असतात, कारागिरांना बोलायला वेळ असतो आणि नागामाचीतील मातीच्या भिंतींवर बर्फापासून बचावासाठी गवताच्या चटया टांगलेल्या दिसतात. थंडी आणि पाऊस दोन्ही सोसावे लागतील. जेवणाचा डबा विसरला तरी चालेल, छत्री विसरू नका, असे तिथले लोकच म्हणतात.

काय विकत घ्यावे? महाग वस्तू परवडत नाहीत.

एकच लहान वस्तू घ्यावी, पण ती कोणी केली हे माहीत असलेली घ्यावी. हिरवा, पिवळा, लाल, जांभळा आणि गडद निळा या पाच रंगांत रंगवलेली कुतानी चिनी मातीची बशी हा चांगला पर्याय आहे.

शक्य असेल त्यांनी वाजिमाच्या लाखकामाचा विचार करावा. कानाझावाच्या उत्तरेला नोतो द्वीपकल्पावर वाजिमा आहे. लाकडी वाटीला कापड चिकटवून, त्यावर भाजलेल्या विशिष्ट मातीची पूड मिसळलेली लाख चढवून, शंभराहून अधिक टप्प्यांत हे काम होते. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत वाजिमातील असंख्य घरे आणि कार्यशाळा नष्ट झाल्या. तिथले कारागीर पुन्हा उभे राहत आहेत आणि त्यांच्या वस्तू कानाझावातील दुकानांत मिळतात. एक जोड चॉपस्टिक घेतले तरी ती खरी मदत आहे. घासाघीस करू नये.

मार्गदर्शकाला आणि कारागिरांना टिप द्यावी का?

जपानमध्ये टिपची पद्धत नाही. हातात नोटा ठेवल्यास समोरची व्यक्ती संकोचते. आपल्याकडची एखादी खाण्याची वस्तू नीट गुंडाळून दोन्ही हातांनी दिली तर ती आनंदाने घेतली जाते.

कानाझावाला पोहोचायचे कसे आणि नोंदणी किती आधी करावी?

२०१५ पासून तोक्योहून थेट शिनकानसेन (बुलेट ट्रेन) आहे आणि सर्वांत जलद गाडीला सुमारे अडीच तास लागतात. मार्च २०२४ मध्ये हा मार्ग त्सुरुगापर्यंत वाढला, त्यामुळे क्योतोहून येताना आता त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. स्थानकाबाहेरच्या भव्य लाकडी कमानीचे खांब नोहमधील तालवाद्याच्या आकाराचे आहेत, तेव्हा फेरी तेथूनच सुरू झाली असे समजावे.

चहाविधी, गेइकोंचा कार्यक्रम आणि युझेन यांची नोंदणी किमान महिनाभर आधी करावी. बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी.

कार्यशाळेत केलेली वस्तू त्याच दिवशी मिळते का?

वर्खाची डबी आणि रंगवलेला रुमाल सहसा लगेच मिळतो. कुतानीचे तसे नाही. झिलईवर रंगवलेली बशी पुन्हा सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत भाजावी लागते आणि भट्टी भरली की मगच ती पेटते, त्यामुळे वस्तू काही आठवड्यांनी टपालाने येते. भारतात पाठवतात का, खर्च किती आणि फुटल्यास काय, हे रंगवायला बसण्याआधी मार्गदर्शकाकडून विचारून घ्यावे, आणि पत्ता पिनकोड व मोबाइल क्रमांकासह इंग्रजी अक्षरांत स्पष्ट लिहून न्यावा.